घरे पाच, धूर तीन

४ मार्च

प्रिय वगैरे लिहीत नाही. एकवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आता लिहायला बसलेच आहे तर पहिलाच शब्द खोटा नको. बाबा गेले तेव्हा तू आलास, सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि कुणाशी न बोलता पाचच्या बसने परत गेलास. त्यानंतर तू तुझ्या शहरात आणि मी माझ्या शिलाई मशीनवर. ते तसंच चाललं असतं तरी माझी काही हरकत नव्हती.

कामाचं बोलते. आत्याला नोटीस आली आहे. ब्याऐंशी वर्षांची बाई, डोंगरावरच्या आपल्या वस्तीत आता एकटी राहते. आजोबांचं घर तिच्याकडे आहे, शेजारचं आपलं घर बाबा गेल्यापासून कुलपात आहे आणि बाकीच्या तीन घरांच्या नुसत्या भिंती उरल्यात. खाणवाल्यांना डोंगराची ती बाजू हवी आहे. ओढ्यावरच्या पुलापासून वर जाणारी पायवाट बंद करायची, झऱ्याला कुंपण घालायचं आणि वस्ती मोकळी करायची, असा त्यांचा अर्ज. नोटिशीत लिहिलंय की अधिकृत नकाशानुसार त्या जागी वस्ती नाही आणि वाटही नाही, सबब तिथलं बांधकाम बेकायदा समजावं. आत्याने मला ते दोनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, "म्हणजे मी जन्मले तेही बेकायदाच का गं?" तिला हसू आलं. मला आलं नाही.

मी दुकान बंद ठेवून कचेरीत गेले. तिथे नकाशांच्या खोलीत एक बाई बसते, साखळीत अडकवलेला चष्मा घालून. मी तिला चष्मेवाली म्हणते, तोंडावर नाही. तिने लांबरुंद खण ओढून आपल्या डोंगराची तीन शीटं माझ्यापुढे पसरली. पहिलं आजोबांच्या तरुणपणीचं. त्यात अकरा घरं, मोहरीएवढे काळे चौकोन, झऱ्याचा निळा ठिपका आणि पुलापासून वर गेलेली तुटक रेघ. दुसरं आपण शाळेत होतो तेव्हाचं. त्यात सात घरं, तोच झरा, तीच वाट. आणि तिसरं एकतीस वर्षांपूर्वीचं. त्यात डोंगराच्या तपकिरी रेषा आहेत, माथ्यावरच्या मोजणीच्या दगडाचा त्रिकोण आहे, खाली पूल आहे, ओढा आहे. पुलापाशी वाट संपते. वर कोरा कागद.

मी तिला म्हटलं, हे छापताना काहीतरी राहिलंय. ती म्हणाली, छापताना नाही राहत बाई, तपासणीतच नसेल. आणि तिने उजव्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तपासणी करणाऱ्याचं नाव.

तुझं.

पायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तुझ्या जन्माची खोली त्या नकाशात नाही. आईने जिथे शेवटचे चार महिने काढले ती खिडकी नाही. कुणाच्या सांगण्यावरून पुसलंस? खाणवाल्यांनी हात ओले केले होते का तेव्हा? की कंटाळा आला चढायचा, सर्व्हेअरसाहेबांना?

सुनावणी तीस मार्चला आहे. उत्तर दे. नुसतं "पत्र मिळालं" असं लिहू नकोस.

तुझी मोठी बहीण, कारण ते काही मी बदलू शकत नाही.

१२ मार्च

आठ दिवस झाले. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची तुझी सवय गेलेली दिसत नाही.

तू लिहीत नाहीस म्हणून मी बसून राहिले असं समजू नकोस. चष्मेवालीकडून तिन्ही शीटांच्या एकाच मापाच्या प्रती करून घेतल्या आणि माझ्या कापायच्या टेबलावर पसरल्या. एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा कापून पडला होता, तो सरळ खाली टाकला. बटर पेपर घेतला, पिना घेतल्या, कागदावर नक्षी उतरवायचं ते दातेरी चाक घेतलं. आधी पूल जुळवला तर माथ्यावरचा दगड बोटभर सरकायचा. दगड जुळवला की पूल ओढ्यात जायचा. दोन तास वैताग केल्यावर डोक्यात उजेड पडला की बाही बसवताना तीन खुणा लागतात, दोन नाही. पूल, दगड आणि खालच्या शाळेची विहीर असे तीन टाचले तेव्हा कागद गपकन बसला. चाळीस वर्षं जे काम रोज करते ते मला दोन तास सुचलं नाही, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं, तुझ्या कृपेने.

मग पहिल्या शीटाची वाट लाल उतरवली आणि दुसऱ्याची निळी. दोन्ही एकमेकींवर बसतात, एक वळण सोडलं तर. तिथे निळी वाट जरा डावीकडून जाते. मी तो कागद घेऊन वर गेले आणि आत्याला दाखवला. तिला नकाशा वाचता येत नाही, पण वळण पाहिल्याबरोबर म्हणाली, हे दरड आली त्या वर्षीचं. तिच्या लहानपणी दरड कोसळली होती आणि आजोबांनी माणसं घेऊन वाट डावीकडून नवी काढली होती. म्हणजे वाट बुजली, पुन्हा काढली, लोक चालतच राहिले. हा पुरावा नाही तर काय आहे?

पहिल्या शीटावर वळणाच्या उजव्या अंगाला "चु.भ." अशी दोन अक्षरं आहेत. चष्मेवालीने सांगितलं, चुनाभट्टी. आत्या म्हणाली, आमच्यात कसली भट्टी, चुकीचं लिहिलंय. तरी आम्ही दोघी गेलो, ती काठी टेकत, मी झुडपं बाजूला सारत. दरडीच्या मातीतून गोल चिरेबंदी कड वर आलेली दिसली, आणि आतले दगड भाजून काचेसारखे गुळगुळीत झालेले. आत्या कितीतरी वेळ त्या दगडांवर हात फिरवत राहिली. तिच्या अंगणातली माती पांढरी का, हे तिला लहानपणापासून कुणी सांगितलं नव्हतं. ब्याऐंशी वर्षं ती एका भट्टीच्या राखेत भाजी लावत होती. मला वाटलं, कुणीतरी नव्वद वर्षांपूर्वी परका माणूस इथवर चढला, त्याने दोन अक्षरं लिहिली, आणि आमची गोष्ट आम्हालाच आज कळली. आणि आमच्या घरचा माणूस आला, त्याने पाटी पुसली.

खाणीचा वकील भेटला होता कचेरीच्या जिन्यात. सभ्य माणूस आहे, तेच वाईट. म्हणाला, जुने नकाशे आम्ही मानतो, पण ताज्या तपासणीत वाट नाही म्हणजे ती मोडली, आणि आज जी आहे ती नंतर पाडली. तुमच्याकडे त्या वर्षाचा काही कागद असेल तर आणा. त्या वर्षीची माणसं आणावीत म्हटलं तर वस्तीतली बहुतेक गेली, आणि जी आहेत त्यांची मुलं खाणीत कामाला आहेत.

पुलापाशी चहाचं दुकान आहे ना, म्हाताऱ्याचं, तो मला परवा म्हणाला की तू त्या साली तीन दिवस त्याच्या बाकावर येऊन बसायचास. तीन पायांचं तिकाटणं, दुर्बीण, सगळं घेऊन. तीन दिवस. पुलापासून घर पाऊण तासाच्या चढावर. मला हे परवाच कळलं. बाबा तेव्हा जिवंत होते आणि चांगले हिंडते-फिरते होते. तीन दिवस तू तिथे चहा पीत बसलास आणि वर कोरा कागद सोडून निघून गेलास. तुला लाज वाटली नाही का?

उत्तर दे.

२० मार्च

तुझं कार्ड आलं. दोन ओळी. "जे चाललो नाही ते काढलं नाही. का चाललो नाही ते तुला माहीत आहे."

मला काही माहीत नाही.

कार्ड घेऊन मी चष्मेवालीकडे गेले. तिला फक्त पहिली ओळ दाखवली, दुसरीवर अंगठा ठेवला. तिचा चेहरा एकदम बदलला. तुझ्याबद्दल तिला आदर वाटला म्हणे. मोजणीच्या खात्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे जुनं शीट बघून नवं उतरवणं. खोलीत बसून कित्येकांनी अख्खे डोंगर असे काढलेत, ती म्हणाली, आणि पडलेली घरं पुढच्या नकाशात पन्नास वर्षं उभी राहिली आहेत. खऱ्या मोजणीदाराच्या पायाखालून जे गेलं नाही ते त्याच्या कागदावर येत नाही. तो जागा कोरी सोडतो आणि फील्डबुकात शेरा लिहितो की इथली तपासणी बाकी. पुढच्या हंगामात कुणीतरी जाऊन ती पुरी करायची. तुझ्या बाबतीत पुढच्या हंगामात कुणी गेलं नाही. शेरा वहीत राहिला आणि कोरा कागद छापून आला.

म्हणजे तू प्रामाणिक राहिलास. माझ्या तर डोक्यात तिडीकच गेली. सात घरं तुला तोंडपाठ होती. वाटेवरचा एकेक दगड पाठ होता, दप्तर सांभाळत त्यावरून पळायचास. लोक तुला मुंगळ्या म्हणायचे ते त्यासाठीच, मान खाली घालून एका रेषेत चालायचास म्हणून. डोळे मिटून काढली असतीस तरी रेघ चुकली नसती. पण नाही. साहेबांचा नियम. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला आत्याचं घर दिसलं नाही. कोऱ्या कागदाला लोक काय समजतील, एवढंही तुला कळलं नाही का? शेरा वाचायला कुणी वही उघडत नाही. नकाशात नाही म्हणजे नाही.

चष्मेवाली म्हणते, त्या हंगामाच्या वह्या कचेरीत ओल येऊन गेल्या. पण काही मोजणीदार दुसरी प्रत स्वतःकडे ठेवत, पानोपानी वरिष्ठांची सही असलेली, आणि ती चालते. तू ठेवली असशील. तू शाळेतल्या शिसपेन्सिलींचे तुकडेही ठेवले होतेस.

ती वही घेऊन ये आणि अधिकाऱ्यापुढे उभा राहून सांग की मी वर चढलो नव्हतो. एवढंच. का चढला नाहीस असं विचारलं तर सांग की पाय मुरगळला होता. मोजणीदारांचे पाय मुरगळतात. ह्यात कुणाचं काही जात नाही.

२१ मार्च

काल खोटं लिहिलं. पत्र सकाळच्या टपालात गेलंसुद्धा, नाहीतर फाडलं असतं.

मला माहीत आहे.

आई गेली तेव्हा तुला केलेली तार तुझ्या जुन्या कॅम्पवर गेली, त्यात तुझा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चार महिने मी तिला उठवत होते, बसवत होते. शहरातल्या मोठ्या शिवणघरात माझी जागा ठरली होती ती मी सोडून आले होते, आणि ती दर दुपारी मला विचारायची की मुंगळ्या आला का. माझ्या हाताने पाणी प्यायची आणि तुझं नाव घ्यायची. आठवड्याने तू पुलावर उतरलास. मी पाणी आणायला नाही, तुझ्यासाठीच खाली आले होते. तुझे बूट नवे होते. मी त्या बुटांकडे बघत म्हटलं, "बाबा म्हणालेत, वर पाऊल टाकू नकोस."

बाबा असं काही म्हणाले नव्हते. बाबा दारात बसले होते. तुझ्यासाठी त्यांनी आईच्या खोलीतली खाट उन्हात काढून ठेवली होती.

मला वाटलं तू भांडशील. मला ढकलून वर जाशील. मग बाबा तुला जवळ घेतील, माझं खोटं उघडं पडेल, मी रडेन, आणि सगळं मोकळं होईल. मला तेच हवं होतं बहुतेक. तू बॅग उचललीस आणि त्याच बसमध्ये बसलास. इतका कसा रे आज्ञाधारक? एकदा तरी विचारायचंस. एक पत्र बाबांना टाकायचंस. मी एक वाक्य बोलले, तू त्या वाक्यावर तेहतीस वर्षं काढलीस. ह्याचा राग मला अजून येतो आणि तो खोटा नाही.

आणि हेही लिहून टाकते. तू तीन दिवस पुलापाशी होतास हे चहावाल्याने परवा सांगितलं नाही. मला त्याच दिवशी माहीत होतं. बाबा अंगणातून खाली बघत होते, त्यांची नजर कमी झाली होती, ते म्हणाले, तो तिकाटणंवाला आपला मुंगळ्या तर नाही ना? मी पाहिलं. चालण्यावरून ओळखलं. आणि म्हणाले, नाही हो, कुणी परका आहे. दोन वर्षांपूर्वीचं खोटं झाकायचं तर दुसरं काय म्हणणार होते? पुढे दहा वर्षं ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले, त्याला सवड नाही.

म्हणून म्हणते, पाय मुरगळला होता असं सांग. आत्या तिथे असेल. बाबा तिचे भाऊ होते.

२७ मार्च

पार्सल आलं. वही आली. तू आला नाहीस, सोबत चिठ्ठीही नाही. वा रे वा.

पान एकोणचाळीस. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच. "वरची वस्ती. घरे ५ उभी. पैकी ३ ला सकाळी धूर, सलग तीन दिवस. पायवाट वापरात दिसते, पाणी नेणारी माणसे मोजली, रोज ६ ते ८ (पुलावरून). चढलो नाही. तपासणी बाकी. कारण: घरून मनाई." खाली वरिष्ठांची सही आणि तारीख.

मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि दिवसाउजेडी त्या पानापुढे बसून रडले. तीन धूर. एक आत्याचा, एक पलीकडच्या सुताराचा आणि एक आपला. आपल्या घरचा धूर मीच घालायची, पहाटे उठून. तू तीन दिवस खाली बसून तो मोजलास. आणि पाणी नेणाऱ्या त्या सहा ते आठ माणसांत रोज मी होते. मला मोजलंस तू. नाव न लिहिता.

मग रडू आवरलं आणि राग आला. तुला सगळं बरोबर माहीत होतं. हे पान दिल्याशिवाय आत्याचं घर वाचत नाही, आणि पान दिलं की शेवटची ओळ वाचली जाणार. तू स्वतः आला असतास तर तोंडी सांभाळून घेता आलं असतं. तू मुद्दाम वही पाठवलीस. माझ्याच हातात दिलीस.

मी काय काय विचार केला तेही ऐक. वही शिवलेली आहे. मला शिवण उसवून पान काढता येतं आणि पुन्हा अशी शिवता येते की कुणाच्या बापालाही कळणार नाही. पण पान काढलं तर धूरही जातो. मग शाईचा एक थेंब. शेवटच्या तीन शब्दांवर, हातून सांडल्यासारखा. दौत उघडून टेबलावर ठेवली होती. समोर तो बटर पेपर अजून टाचलेला होता, लाल वाट, निळी वाट, आणि वर तुझा कोरा कागद.

दौत बंद केली. मोठेपणा म्हणून नाही. पुसलेल्या जागेचं काय होतं ते मी महिनाभर बघत होते, म्हणून.

३१ मार्च

मुंगळ्या,

काल सुनावणी झाली.

खोली लहान होती, एक लांब टेबल, एक पंखा, भिंतीला जुन्या फायलींची कपाटं. अधिकारी तरुण मुलगी होती, भाची शोभेल एवढी. वकिलाने तुझं शीट पसरलं, मी माझा बटर पेपर त्यावर टाचला. टाचण्या मी घरून नेल्या होत्या. ती उठून उभी राहिली आणि वाकून बघायला लागली. दरडीचं वळण आत्याने स्वतः बोट ठेवून सांगितलं, भट्टीचा एक भाजलेला दगडही तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. वकील म्हणाला, हे सगळं ठीक, पण एकतीस वर्षांपूर्वी तिथे कुणी नव्हतं. मग मी वही दिली.

तिने पान मोठ्याने वाचलं. घरे पाच, धूर तीन, पाणी नेणारी माणसे. वकील पाण्याच्या ग्लासाशी खेळत होता, तो थांबला. मग तिने शेवटची ओळ वाचली. वकिलाने लगेच पकडलं. म्हणाला, मोजणीदाराला मनाई होती याचा अर्थ त्या जागेवर कुणाचा तरी वाद होता, वाट खुली नव्हती. त्याचं चुकत नव्हतं, तसंही वाचता येतं. अधिकारीण माझ्याकडे वळली.

"मनाई कोणी केली होती?"

तुला सांगते, पाय मुरगळल्याचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. आत्या माझ्या शेजारी बसली होती, काठी दोन गुडघ्यांत धरून. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

"मी," मी म्हटलं. "वाट सगळ्यांना खुली होती. फक्त माझ्या भावाला मी बंद केली. वडिलांचं नाव घेऊन. वडील तसं म्हणाले नव्हते."

कारकून लिहीत होता. त्याने विचारलं, शेवटचं वाक्यही घ्यायचं का. मी म्हटलं, तेच घ्या.

वस्ती मोकळी करायला स्थगिती दिली आहे. वाट बंद करायची नाही. चौदा एप्रिलला नवा मोजणीदार येऊन पुलापासून झऱ्यापर्यंत स्वतः चालणार आणि शीट दुरुस्त करणार. जुन्या मोजणीदाराला इच्छा असल्यास हजर राहता येईल, असं तिने आदेशात घातलं आहे.

परत येताना पुलापाशी मी आत्याचा हात धरायला गेले तर तिने काढून घेतला. चढ लागल्यावर दरडीच्या वळणाशी ती दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, "तुझा बाप रोज संध्याकाळी त्या मोजणीच्या दगडावर जाऊन बसायचा. मी त्याला ओरडायचे, गुडघे दुखतात तर वर कशाला चढतोस. तिथून पूल दिसतो." मग पुढे चालायला लागली. घरी पोचल्यावर तिने मला चहा दिला, पण एकच कप केला आणि स्वतः घेतला नाही. मला वाटतं बराच काळ ती असंच करेल. करू दे.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू विचारलं नाहीस, हे मी मरेपर्यंत ऐकवणार आहे आणि तुला ते समोर बसून ऐकायला लागेल. तुलाही मला ऐकवायचं असेल. पत्रात नको, तू दोन ओळींच्या वर जात नाहीस.

आज सकाळी आपल्या घराचं कुलूप काढलं. गंजलं होतं, तेल घालावं लागलं. आईची खाट आहे. चूल साबूत आहे, धुराड्यात कुठल्यातरी पक्ष्याने काड्या भरल्या होत्या त्या काढल्या. चौदा तारखेला मी पहाटे वर जाऊन ती पेटवणार आहे. नव्या मोजणीदाराला दोन धूर दिसतील, एक आत्याचा आणि एक आपला. त्याला काय मोजायचं ते मोजू दे.

तू पुलावर उतरलास की चहाच्या बाकावर बसू नकोस. धूर दिसला तर वहीत लिहू नकोस.

चढ.

ताई